टाकीचं झाकण नवं, चावी मात्र जुनीच: मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीच्या लॉकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या जुडग्यात तीन वर्षं गाडीच्या दोन चाव्या होत्या, एक इग्निशनची आणि एक टाकीची. मूळ झाकण गळायला लागलं म्हणून बाजारातून दुसरं आणलं होतं, त्याची ही वेगळी चावी. पंपावर हमखास चुकीची चावी आधी लागायची आणि मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न नेमका तेव्हाच वाजायचा. शेवटी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर झाकण उघडलं, लॉकच्या आतल्या पातळ पितळी पत्त्या इकडच्या तिकडे केल्या आणि जुन्या चावीने टाकी उघडायला लागली. खर्च शून्य, टेबलावरचा वेळ दीड तास. त्यातला पाऊण तास पंख्याखाली उडालेली एक स्प्रिंग शोधण्यात गेला. तेव्हापासून सोसायटीतले, ऑफिसातले लोक जे विचारतात तेच इथे एकत्र लिहिलं आहे.

झाकण खराब झालंय की चावी झिजलीय, हे कसं ओळखायचं?

कपाटातली दुसरी चावी काढा. गाडी घेतली तेव्हा दोन मिळाल्या होत्या, त्यातली एक बहुतेकांकडे नवीकोरी पडून असते. तिने झाकण सुरळीत उघडलं तर लॉकला काही झालेलं नाही, रोजची चावी झिजली आहे. दोन्ही चाव्या शेजारी उजेडात धरल्या की कळतं: झिजलेल्या चावीचे दात गोल झालेले असतात, चढ-उतार सपाट झालेले असतात. गाडी चालू असताना चावी ओढली की हातात येते, हेही त्याचंच लक्षण.

अशा वेळी डुप्लिकेट चावी त्या कोऱ्या चावीवरूनच काढून घ्या. लोक रोजची झिजलेली चावी चावीवाल्याकडे देतात आणि तो त्या झिजेसकट नक्कल करतो. नकलेची नक्कल झाली की तिसऱ्या पिढीला लॉक ऐकेनासं होतं.

दोन्ही चाव्या अडकत असतील तर आत माती असते. चावीच्या भोकावरचं छोटं झाकण तुटलेलं असेल तर नक्कीच. आणि लॉक ठीक आहे पण ब्रेक मारला की पेट्रोल टाकीवर ओघळतं, असं असेल तर आधी खालचं रबर बघा. ते कडक झालं असेल किंवा चिरलं असेल तर कित्येक गाड्यांना नुसतं रबर मिळतं, झाकण बदलायची गरजच नाही.

नुसतं झाकण घ्यावं की पूर्ण लॉकसेट?

इग्निशनचं लॉकही त्रास देत असेल, किंवा चावी अशा ठिकाणी हरवली असेल की ती कोणाच्या तरी हाती लागली असण्याची शंका आहे, तर पूर्ण लॉकसेट घ्या. त्यात इग्निशन, टाकी आणि साइड पॅनेल किंवा सीटचं लॉक एकाच चावीचं येतं. मिंडा कंपनीचे सेट बऱ्याच गाड्यांना सहज मिळतात.

बाकी सगळं ठीक असेल तर लॉकसेट म्हणजे एक दात दुखतोय म्हणून कवळी बसवण्यासारखं आहे. सुटं झाकण लॉकसेटपेक्षा बरंच स्वस्त पडतं. अडचण एवढीच की ते स्वतःची चावी घेऊन येतं. त्याच्यावर इलाज पुढे आहे.

दुकानात झाकण घेताना काय बघायचं?

तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, तोंड. झाकण टाकीच्या तोंडावर बसून पूर्ण फिरलं किंवा दाबलं गेलं पाहिजे आणि रबर सगळीकडून टेकलं पाहिजे. "बसतंय हो साहेब, सगळ्यांना हेच देतो" यावर जाऊ नका. पुण्यात नाना पेठेत जाणार असाल तर गाडी घेऊनच जा आणि दुकानासमोर लावून बघा.

दुसरी, तुमची चावी त्याच्या भोकात शिरते का. उघडते का हे आत्ता बघायचं नाही, नुसती शेवटपर्यंत आत जाते का एवढंच. चावीच्या अंगावर लांबीत एक खाच असते, काही चाव्यांना डावीकडे, काहींना उजवीकडे, आणि रुंदीही वेगळी असते. ही खाच जुळली नाही तर आतल्या पत्त्यांशी कितीही खेळा, उपयोग नाही. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे आणि शंभरातले नव्वद लोक ती घरी येऊन करतात.

तिसरी, हवेची वाट. झाकणातून टाकीला श्वास घ्यावा लागतो, त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे. दुकानात एवढंच सांगा की गाडीचं मॉडेल कोणतं आणि साल कोणतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ या प्रदूषण-नियमाच्या गाड्यांत टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर न सोडता कोळशाच्या डब्यात नेतात. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाडीचं झाकण बाहेरून जुळ्या भावांसारखं दिसलं तरी आतली रचना वेगळी असू शकते.

टाकीचं लॉक आतून असतं तरी कसं?

कडीकुलपासारखं नाही. एक गोल दांडा असतो, त्याला बॅरल म्हणतात. त्याच्यात आडव्या फटी असतात आणि प्रत्येक फटीत एक पातळ पितळी पत्ती बसवलेली असते. पत्तीच्या मध्ये चौकोनी खिडकी, आणि एका खांद्याखाली डोळ्यांत तेल घालून बघावी लागेल एवढी बारीक स्प्रिंग.

चावी नसताना स्प्रिंगा पत्त्यांना बाहेर ढकलतात. पत्त्यांची टोकं बाहेरच्या घरातल्या खोबणीत अडकतात आणि बॅरल फिरत नाही. चावी घातली की ती सगळ्या खिडक्यांतून जाते आणि तिचे दात प्रत्येक पत्तीला नेमकं तेवढंच सरकवतात. सगळ्या पत्त्या बॅरलच्या अंगाबरोबर आल्या की बॅरल मोकळं. एक जरी केसभर वर राहिली तरी अडलं.

बहुतेक पत्त्यांवर बारीक आकडा ठोकलेला असतो. तो खिडकी किती वर किंवा खाली आहे याचा क्रमांक. म्हणजे चावी ही खरं तर चार-पाच आकड्यांची ओळ आहे, आणि रीकी करणं म्हणजे लॉकमधली ती ओळ बदलणं.

एक गंमत अशी की पुष्कळ गाड्यांत टाकीच्या लॉकमध्ये इग्निशनपेक्षा कमी पत्त्या असतात. त्यामुळे इग्निशनची चावी टाकी उघडते, पण टाकीचं लॉक बघून बनवलेली चावी इग्निशन फिरवेलच असं नाही. चावीवाल्याने "झाली बघा" म्हणून टाकी उघडून दाखवली की पैसे द्यायच्या आधी इग्निशनमध्येही फिरवून बघा.

जुन्या झाकणाचं बॅरलच नव्यात बसवता येईल का?

येत असेल तर हाच राजमार्ग. जुनं झाकण गंजलं, वाकलं किंवा त्याची क्रोम उडाली, पण लॉक ठीक आहे, आणि नवं झाकण त्याच बनावटीचं आहे, तर बॅरल उचलून तसंच इकडून तिकडे ठेवायचं. पत्त्यांना हात लावायची वेळच येत नाही. बॅरलची लांबी, जाडी आणि शेपटाचा आकार सारखा आहे एवढं बघा. शेपूट म्हणजे बॅरलचं मागचं टोक, जे फिरून खालची पट्टी सरकवतं. ते एकाला चपटं आणि दुसऱ्याला गोल असेल तर विषय संपला. मग पुढचा उद्योग.

घरी रीकी करायचं असेल तर नेमकं काय करायचं?

टेबलावर करायचं, टाकीवर नाही. नवं झाकण पेट्रोलला लागलेलं नसतं म्हणून त्याच्यावर काम करणं सोपं. जुन्या झाकणावर करणार असाल तर ते पुसून दिवसभर उघड्या हवेत ठेवा, गॅलरीत. स्वयंपाकघरात नको, देवघराजवळ नको. तेवढा वेळ टाकीचं तोंड उघडं राहणार असेल तर गाडी घराच्या आत किंवा दिव्याजवळ ठेवायची नाही. तोंडावर स्वच्छ कापड आणि वरून घट्ट बांधलेली पिशवी.

लागणाऱ्या वस्तू: छोटा स्टार स्क्रूड्रायव्हर, केस उपटायचा बारीक चिमटा, टाचणी, काठ असलेलं स्टीलचं ताट, ताटात पसरायला पांढरा रुमाल, एक मोठी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी आणि मोबाइलचा कॅमेरा. पंखा बंद करा. हे मी अनुभवाने सांगतोय.

झाकण उलटं करा. तळाला तीन-चार छोटे स्क्रू दिसतील. त्यांच्या खाली दाबलेली स्प्रिंग असू शकते, म्हणून तळ अंगठ्याने दाबून धरत शेवटचा स्क्रू पिशवीच्या आत सोडवा. काही उडालं तर पिशवीत राहील. स्क्रू घट्ट असतील तर स्क्रूड्रायव्हर उभा दाबून आधी अर्धा फेरा घट्ट करायच्या दिशेने द्या आणि मग सोडवा. डोकं घासलं गेलं तर पुढचं सगळं काम तिथेच अडतं.

प्रत्येक थर काढताना फोटो. तळाची पट्टी, रबर, वायसर, मोठी स्प्रिंग, सरकणारी पट्टी, सगळं ताटात काढलेल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. आता बॅरलचं शेपूट दिसेल. ते धरून ठेवणारी एखादी क्लिप असेल किंवा स्क्रू. दोन्ही नसेल तर घराच्या बाजूला एक बारीक भोक शोधा. त्यातून टाचणीने दाबलं की आतली अडवणारी पत्ती आत जाते.

बॅरल बाहेर काढताना झाकणाची स्वतःची चावी आत असलीच पाहिजे. चावीविना ओढलं तर पत्त्या अडकतील आणि जोर केला तर वाकतील.

बॅरल हातात आलं की चावी सावकाश काढा. पत्त्या दोन्ही बाजूंनी कासवाच्या पायांसारख्या बाहेर येतील. घाबरू नका, बहुतेक लॉकमध्ये त्या अशा सहज पडत नाहीत. आता तुमची जुनी चावी घाला आणि बॅरल डोळ्यांसमोर आडवं धरून बघा. काही पत्त्या अंगाबरोबर बसलेल्या दिसतील, त्यांना हात लावू नका. ज्या वर राहिल्या त्यांची जागा कागदावर लिहा: समोरून दुसरी, समोरून चौथी.

चावी काढून त्या पत्त्या चिमट्याने उचला, खालची स्प्रिंग बोटाने धरून. मग अदलाबदल करून बघा. दुसरीच्या जागी चौथी, चौथीच्या जागी दुसरी, पुन्हा चावी, पुन्हा नजर. जुन्या झाकणाच्या लॉकमधल्या पत्त्या त्याच मापाच्या असतील तर काम फारच सोपं होतं, कारण त्या तुमच्या चावीच्याच आकड्यांच्या असतात. फक्त त्याच क्रमाने भरायच्या. पत्ती बसवताना खांद्याची बाजू बघा. शेजारशेजारच्या पत्त्या बऱ्याचदा उलटसुलट बसवलेल्या असतात, एकीची स्प्रिंग वर तर दुसरीची खाली. इथे फोटो कामाला येतो.

सगळ्या पत्त्या बसल्या की बॅरलवरून बोटाचं टोक फिरवा. नखाला काही अडलं नाही पाहिजे. मग चावीसकट बॅरल घरात सरकवा आणि फिरवून बघा.

सगळं जुळलं, पण एक पत्ती काही केल्या बसत नाही. काय करू?

काढून टाका, स्प्रिंगसकट. स्प्रिंग आत सोडली तर ती सरकून अडकेल. पाचातली एक पत्ती गेल्याने लॉक थोडं सैल झालं एवढंच. दोन गेल्या तरी चालवून घेता येईल. तीन काढल्या तर मात्र शेजाऱ्याच्या कपाटाची चावीही तुमची टाकी उघडेल.

चावीवाला म्हणाला, कानस मारून देतो, पाच मिनिटांत होईल. चालेल?

होतं पाच मिनिटांत, खोटं नाही. चावी आत ठेवून वर राहिलेली पत्तीची टोकं बॅरलबरोबर घासून टाकायची, की बॅरल फिरायला लागतं. पितळ मऊ असतं. पण घासलेली पत्ती परत वाढत नाही. ती आता तुमच्या चावीसाठी जुळलेली नाही, तर नुसती कमी अडवणारी झालेली आहे. शिवाय चुरा आत राहिला तर महिन्याभरात लॉक खरखरायला लागतं.

पत्त्यांची अदलाबदल करून, जमलं नाही तर एखादी काढून, आणि अगदी शेवटी कानस, असा माझा क्रम आहे. घाई असेल आणि गाडी विकायचीच असेल तर तुमची मर्जी.

बंद करून बघितलं तर चालेल ना?

हातात, हो. टाकीवर, अजिबात नाही!

मी हेच केलं होतं. बॅरल फिरलं या आनंदात तळाचे स्क्रू लावले, खाली पार्किंगमध्ये गेलो आणि झाकण टाकीवर ठेवून दाबलं. खट्ट आवाज आला, झकास वाटलं. मग उघडेना. तळाची सरकपट्टी मी उलटी बसवली होती. चावी फिरत होती, पट्टी जागची हलत नव्हती. एक तास चावी हलवत, झाकण दाबत, थोपटत बसलो तेव्हा कुठे सुटलं. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून विचारत होत्या, "काय रे, चोरी करतोस का?"

म्हणून झाकण हातात धरून दहा वेळा उघड-बंद करा. दरवेळी खालची पट्टी किंवा पंख पूर्ण आत जातात आणि पूर्ण बाहेर येतात, हे डोळ्यांनी बघा. बंद स्थितीत चावी सहज बाहेर आली पाहिजे. मगच टाकीवर.

बिजागरीचं झाकण कसं काढायचं? त्याच्याभोवती कडं आणि बोल्ट आहेत.

टाकीच्या पातळीत बसणाऱ्या अशा झाकणाचं कडं अॅलन बोल्टने बसवलेलं असतं. दिसणारे सगळेच बोल्ट खरे नसतात, काही शोभेचे असतात. ते कितीही फिरवले तरी काही सुटत नाही, तेव्हा जोर करू नका. खऱ्यांपैकी एखादा बऱ्याच गाड्यांत झाकणाच्या खाली लपवलेला असतो आणि झाकण उघडल्यावरच दिसतो. चोराने कडंच सोडवून न्यायला नको म्हणून ही सोय.

बोल्ट काढण्याआधी टाकीच्या तोंडात स्वच्छ सुती कापड कोंबा. टाकीत पडलेला बोल्ट काढणं हा स्वतंत्र अध्याय आहे. बसवताना सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा आणि मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. जोर नको, टाकीतले आटे मेले तर झाकणापेक्षा मोठा खर्च.

चावी हरवली, झाकण बंद आहे आणि टाकीत पेट्रोल संपत आलंय.

आधी दुसरी चावी. नसेल तर गाडीसोबत मिळालेला चावीच्या नंबरचा छोटा बिल्ला शोधा, पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा. पहिल्या दिवशी जुडग्याला होता, मग कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये गेला. ज्या गाड्यांना नंबरवरून चावी मिळते, त्यांना सर्व्हिस सेंटर आरसी आणि ओळखपत्र बघून मागवून देतं. थोडे दिवस लागतात.

दिवस नसतील तर चांगला चावीवाला. त्याचं काम बघण्यासारखं असतं. दात न पाडलेली कोरी चावी लॉकमध्ये घालतो, किंचित पीळ देऊन वर-खाली हलवतो, बाहेर काढून उन्हात तिरकी धरतो. पत्त्या जिथे अडल्या तिथे पितळेवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटलेले असतात. तेवढ्याच जागी कानस, दोन घास, पुन्हा आत. असं पंधरा-वीस वेळा. शेवटी कधीतरी मनगट आपोआप वळतं. हे सगळं ना मशीन ना भिंग, चटईवर बसून. काही जण ठिपके नीट दिसावेत म्हणून चावीवर काजळी धरतात. तुमचा चावीवाला काडी ओढायला लागला तर त्याला टाकीपासून चांगलं लांब पाठवा, लाजू नका.

आरसी जवळ ठेवा, मोबाइलमध्ये डिजिलॉकरमधली असली तरी चालेल. शहाणा चावीवाला विचारतोच.

ड्रिल मारून उडवून टाकलं तर?

टाकी अर्धी रिकामी असते तेव्हा उरलेल्या जागेत वाफ भरलेली असते, आणि पेटतं ते पेट्रोल नव्हे, वाफ. ड्रिलच्या मोटरची ठिणगी तेवढ्याला पुरते. त्यातून वाचलात तरी पितळेचा आणि लोखंडाचा चुरा टाकीत जातो. ग्राइंडर तर विचारूही नका.

चावी आतच मोडली.

दुसरी चावी मागून घालून तुकडा आत ढकलू नका आणि फेविक्विक लावू नका. लॉक चावी घालायच्या सरळ स्थितीत असेल तर तुकडा निघतो. थोडं फिरलेल्या स्थितीत मोडली असेल तर बारीक स्क्रूड्रायव्हरने आधी सरळ आणा. मग करवतीच्या बारीक पात्याचा तुकडा चावीच्या कडेने सरकवा आणि पात्याच्या दातांत अडकवून मोडकी चावी बाहेर ओढा. दोन्ही तुकडे जपून ठेवा. ते जोडून चावीवाला नवी काढून देतो.

नवं झाकण लावल्यापासून गाडी आठ-दहा किलोमीटर गेली की बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की परत चालू होते.

झाकणाची हवेची वाट बंद आहे. पेट्रोल खाली उतरतं तसं वर तेवढी हवा यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. उलटी धरलेली बाटली जशी गटगट करत अडते, तसंच. खात्री करायची असेल तर गाडी बंद पडताच लगेच झाकण उघडा. "फुस्स" आवाज झाला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, की चोर सापडला.

हा आजार लोकांना कार्बोरेटरचा वाटतो. माझ्या एका मित्राने दोनदा कार्बोरेटर साफ करून घेतला, प्लग बदलला. मेकॅनिक गाडी चालवून बघायचा तेव्हा ती एक किलोमीटरच जायची, त्यामुळे बंद पडायचीच नाही. दोष होता बाजारातल्या झाकणाच्या रबरात, त्यावरचं भोक वाटेसमोर आलंच नव्हतं. रबर काढून अर्धा फेरा फिरवलं आणि गाडी सरळ झाली.

रीकी करताना आतले थर सुटलेले असतात, म्हणून हाच घोळ आपल्या हातूनही होतो. वायसर आणि रबराची भोकं कुठे होती त्याचा फोटो नक्की काढा. आणि वाट मोकळी करायची म्हणून झाकणाला नवं भोक पाडू नका. आतल्या झडपेचं एक काम गाडी आडवी पडल्यावर पेट्रोल बाहेर येऊ न देणं हेही असतं.

पावसाळ्यात टाकीत पाणी जातं. झाकण बदलावं का?

आधी टाकीच्या तोंडाभोवतीचा खळगा बघा. बिजागरीच्या झाकणाखाली त्या खळग्यात एक बारीक भोक असतं, तिथून पाणी नळीने गाडीच्या खाली पडतं. हे भोक धुळीने बुजतं, कधी कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. मग पाऊस पडला की झाकणाखाली डबकं साचतं आणि तुम्ही पंपावर झाकण उघडलं की ते सरळ टाकीत. नरम वायरने भोक साफ करा, वरून थोडं पाणी ओतून खालून पडतंय का बघा. टाकीचं तोंड अर्थातच बंद ठेवून.

हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे जास्त महत्त्वाचं झालंय. इथेनॉल थोडं पाणी सामावून घेतं, पण हद्द ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून तळाला बसतात, आणि इंजिन पेट्रोल ओढतं तेही तळातूनच. जुन्या झाकणाचं रबर फुगलेलं किंवा चिकट झालेलं दिसलं तर तेही इथेनॉलचं काम असू शकतं. या पेट्रोलला चालणारं रबर घ्या.

लॉकमध्ये तेल सोडायचं का?

खोबरेल, इंजिन ऑइल, शिलाई मशीनचं तेल, यातलं काही नाही. तेलावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत आत चिखल. ग्राफाइटची पूड सगळ्यात चांगली. ती नसेल तर मऊ शिसपेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना खसखसून घासा आणि चावी पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा. डब्ल्यूडी-४० मळ काढायला उत्तम, पण तो साफ करतो, टिकून राहत नाही. फवारल्यावर कापडावर चावी पुसत राहा, काळं यायचं थांबलं की मग पेन्सिल. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे पावसाळ्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा करावं. तिथे पितळ फार लवकर हिरवं होतं.

लॉक असलं की पेट्रोल चोरी थांबते का?

खरं सांगू? फारशी नाही. कार्बोरेटरच्या गाड्यांत चोर झाकणाकडे बघतही नाही. टाकीखालच्या कॉककडून, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायच्या तोटीकडून, येणारी नळी ओढतो, खाली बाटली धरतो, संपलं. लॉकचा उपयोग येता-जाता कोणी झाकण उघडून साखर-माती टाकू नये आणि झाकणच नाहीसं होऊ नये एवढा. म्हणूनच पत्ती एक कमी झाली तर झोप उडवून घेऊ नका असं वर म्हटलं.

विमा कंपनीला कळवावं लागतं का?

जुन्याच चावीला जुळवलेलं झाकण असेल तर चाव्यांत काही बदललेलं नाही. पूर्ण लॉकसेट बदलला तर बिल जपून ठेवा, कंपनीला मेल करून ठेवा आणि जुन्या चाव्या फेकू नका. गाडी चोरीला गेल्यावर दावा करताना कंपन्या सगळ्या चाव्या मागतात, आणि एकच चावी दिली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. चावी हरवली असेल तर पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद करून तिची प्रत काढून ठेवा. मुंबई आणि पुणे पोलिसांची अशी सोय आहे.

स्कूटरचं काय?

सीटखाली टाकी असेल तर झाकणाला लॉक नसतंच, सीटचं लॉक तेच खरं. अॅक्टिव्हा ६जीसारख्या गाड्यांत बाहेरचं झाकण इग्निशनच्या चावीनेच उघडतं, त्यामुळे रीकीचा प्रश्न इग्निशनपाशी जातो आणि ते काम घरी करण्यासारखं नाही.

जुन्या बुलेटला लॉकचं झाकण बसेल?

बसतं. मूळ झाकण साधं फिरवायचं असायचं, त्या तोंडावर बसणारी लॉकची झाकणं बाजारात आहेत. चावी अर्थातच वेगळी येईल, आणि बुलेटच्या जुन्या चावीशी ती जुळवायच्या भानगडीत पडू नका. खाच जुळणं कठीण.

काम झाल्यावर उरलेल्या पत्त्या आणि स्प्रिंगा टाकून द्यायच्या का?

नको. माझ्याकडे काडेपेटीत आहेत, वर चावीचा नंबर आणि गाडीचं नाव लिहून. पुढचं झाकण घ्याल तेव्हा त्याच लागतील. शिवाय त्या चावीवाल्याला नेऊन दाखवल्या तर तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो आणि कानस न काढता चिमटा काढतो.